मानेवरची जांभळी खूण

चुडाव्याच्या टेसनावर गाडी फार थांबत नाही, म्हणून मामांनी आम्हाला पार उजाडायच्या आधीच आणून बसवलं होतं. मामा म्हणजे माझे सासरे, आणि मालक म्हणजे माझा नवरा. मालकांनी गळ्याभोवती उपरणं गुंडाळलं होतं, कारण मानेची गाठ आता लिंबाएवढी झाली होती आणि येणारं-जाणारं माणूस टक लावून बघायचं. मामा माझ्याशी बोलत नव्हते. मुंबईला न्यायचा हट्ट माझा होता ना. लांबून इंजनाचा धूर दिसला तेव्हा ते मालकांना एवढंच म्हणाले, "दाखवून ये अन् लगीच माघारी फीर. मेंढरं काय एकल्या पारूच्या जिवावर सोडायची का?"

पारू, तू माझी नणंद, आणि तेव्हापासून ती मेंढरं खरंच तुझ्याच जिवावर राहिली. म्हणून हे आधी तुला लिहिते. तू परवा निरोप धाडलास, "वैनी, तुमाला घराची सय येती का न्हाई?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येईना. आपल्याकडची जी माणसं औषधाला म्हणून मुंबईत आली आणि इथंच राहून गेली, त्यांनाही हे वाचू दे. त्यांना माहीत आहे की आपण काही हौसेनं गाव सोडलेलं नाही.

गाठ दिसली तेव्हा कुणालाच काही वाटलं नव्हतं. गंडमाळ आहे म्हणाले सगळे. वैदूनं लोखंडाची सळई लाल करून डाग दिला. मालक हूं की चूं करत नाहीत, तेव्हाही केलं नाही. डाग वाळला, गाठ वाढली. मग परभणीच्या दवाखान्यात सुया झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी शेवटी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मला, मला एकटीला, बाजूला घेऊन सांगितलं की हा गाठींचा कॅन्सर आहे, मुंबईला न्या, वेळ घालवू नका.  मामा म्हणाले, न्यायचंच तर हैदराबादला न्या, सरकार तिथं. मी म्हटलं, मामा, आपला जिल्हा आता मुंबई राज्यात गेलाय. ते म्हणाले, "कागदावर गेला आसंल. मी न्हाई गेलो." असं आमचं घर.

मुंबईत दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत पडवीतली जागा मिळाली. आपण धनगर, बाराही महिने रानात पाल ठोकून राहणारे, आपल्याला जागेचं काय कौतुक. पण रानात माणूस आभाळ बघून झोपतो, इथं डोक्यावर दुसऱ्याची ओली धोतरं. शेजारी कुठून कुठून आलेली माणसं, कुणाची जीभ, कुणाचा गाल, कुणाची छाती. मालकांच्या मानेवर डॉक्टरांनी जांभळ्या शाईनं रेघा ओढल्या, चौकट केली, आणि बजावलं की ही शाई पुसायची नाही, तिथं पाणी नाही, तेल नाही, काही नाही. मशीनचे किरण रोज त्याच चौकटीत पडले पाहिजेत. धर्मशाळेतली सगळी माणसं त्याला शेकच म्हणायची. मालकांना आत ठेवून जाड दार बंद करायचे आणि आतून नुसती घरघर ऐकू यायची. मी बाहेरच्या बाकावर बसून पदराचं टोक चावायची. बाहेर आल्यावर मी विचारायची, भाजलं का? ते म्हणायचे, "काईच झालं न्हाई. फुकट तरास." चटका न बसता गाठ कशी जळेल हे त्यांना पटत नव्हतं, आणि खरं सांगू, मलाही नव्हतं.

पण गाठ मऊ पडायला लागली. मग लहान व्हायला लागली. मी रोज डोळ्यांनी मापायची आणि कुणाला सांगायची नाही, दृष्ट लागेल म्हणून. कातडी मात्र काळवंडली, हात लावला तरी झोंबायची. जेवण जाईना. डॉक्टर म्हणाले, मधे सोडलं तर सगळं पाण्यात, गाठ पुन्हा उसळेल आणि मग माझ्या हातात राहणार नाही. मधे सोडायचं नाही. हे एवढंच वाक्य धरून मी दिवस काढत होते.

आणि अशात एका रात्री मामा आले. कुणाला न सांगता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, विचारत विचारत. पाऊस लागण्यापूर्वी मेंढरं खालच्या रानात न्यायची होती, माणूस कमी होतं, पोराला न्यायला आलो म्हणाले. मी त्यांना भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे धुवायला गेले. तेवढ्या वेळात व्हायचं ते झालं.

पारू, तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते. खाटीक कळपात येतो, सौदा ठरतो, आणि ठरल्या क्षणी तो त्या जनावराच्या मानेवर रंगाचा पट्टा ओढतो. पट्टा ओढला की ते जनावर आपलं राहिलं नाही. त्याला त्या दिवसापासून मेंढरांच्या वाड्यात घेत नाहीत, बाजूला बांधतात, आणि घरातलं कुणी त्याच्याकडे मान वळवून बघत नाही. मामांनी जन्मभर हेच केलं होतं. धर्मशाळेच्या पडवीत त्यांनी काय पाहिलं? ओळीनं बसलेली माणसं, प्रत्येकाच्या मानेवर, गालावर, छातीवर जांभळा पट्टा. कोपऱ्यातली एक जागा रिकामी होती. त्यांनी विचारलं, हितला कुठं गेला? कुणीतरी सांगितलं, काल सुटला बिचारा. मग त्यांनी आपल्या पोराचं उपरणं बाजूला केलं आणि तोच रंग पाहिला.

मी परत आले तर नळापाशी मामा आणि मालक. मामांनी चुलीतली राख आणि ओला काथ्या घेऊन मान घासून काढली होती. कातडी सोलून लाल झालेली, जागोजाग रक्ताचे ठिपके, आणि जांभळी रेघ एकसुद्धा उरली नव्हती. मालक मान खाली घालून बसले होते, डोळ्यांत पाणी. मी किंचाळून विचारलं, तुम्ही हात का धरला नाही त्यांचा? ते म्हणाले, "बापाचा हात कसा धरू?" माझं डोकं असं फिरलं की सासरा-बिसरा काही राहिलं नाही. मी म्हटलं, मामा, तुम्ही काय केलंत कळतंय का? ते म्हणाले, "माझ्या पोराला इकलाय का तू? त्या खाटकानं पट्टा वढला अन् तू बघत बसली? चल रे, गाडी धरायचीय."

मालकांचा हात धरून मीच दोघांना दवाखान्यात नेलं. चालताना आम्ही दोघं एकमेकांना बोलत होतो आणि मालक मधे चालले होते. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती, बघू दे म्हटलं.

डॉक्टरांनी मान पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कातडी भरून येईपर्यंत शेक थांबवावा लागणार, आणि तेवढ्यात गाठ वाढली तर? कुणी केलं हे, म्हणून त्यांनी चिडून विचारलं. मी काही बोलायच्या आत मामा पुढं झाले. "म्या केलं. माझा पोरगा हाय." डॉक्टर पुण्याकडचे, त्यांना मामांची भाषा अर्धीच कळायची. मी पट्ट्याची सगळी हकिकत त्यांना सांगितली. मला वाटलं आता हसतील, नाहीतर हाकलून देतील. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून मामांच्या समोर बसले.

मामांनी विचारलं, "खरं सांगा साहेब. हा रंग लावलेले किती जन जित्ते माघारी जात्यात?"

डॉक्टर म्हणाले, "सगळे नाही जात. खोटं बोलणार नाही. पण तुमच्या मुलाचा आजार अजून मानेच्या एकाच बाजूला आहे. असा आजार किरणांनी पुरा जाऊ शकतो, अशी माणसं आम्ही आता बघतोय. म्हणून तर मी चिडलो."

मग मामांनी जे मनात होतं ते सगळं काढलं. शेकानं रक्त जळतं म्हणतात, पोराचं तोंड पांढरं पडलंय, ते कसं भरून येणार? डॉक्टरांनी समजावलं की रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं, आणि जास्त किरणांनी तो मगज मार खातो, म्हणून किरण मोजूनमापून, लहानशा चौकटीतच द्यायचे. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले की तिकडं परदेशात असा मगज मेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या, भावाच्या नाहीतर बापाच्या, हाडातला मगज काढून देऊन बघतायत. अजून बहुतेक फसतंय, पण सोडलेलं नाही.

मेंढरं कापलेली बघितलेल्या माणसाला मगज काय ते सांगावं लागत नाही. मामांनी एकदम धोतर वर घेतलं आणि नडगी पुढं केली. "हितला काढा. म्हातारा झालो तरी हाड कच्चं न्हाई. आत्ता काढा. पायजे तर दोन्ही पायातला काढा."

मी तोंड फिरवलं. इतका वेळ ज्याच्याशी भांडत होते त्या माणसाकडं मला बघवेना. डॉक्टरांनी त्यांचा पाय हलकेच खाली ठेवला आणि म्हणाले, "बाबा, ते इथं अजून होत नाही, आणि तुमच्या मुलाला त्याची गरज पण नाही. तुम्ही फक्त एक द्या. मला वेळ द्या."

 मामा मालकांकडं वळले. "तुला काय वाटतं रे?" त्या घरात मालकांना कुणी काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते म्हणाले, "दादा, मला जगायचंय." बस, एवढंच. मामा त्या संध्याकाळच्या गाडीनं एकटे माघारी गेले.

कातडी भरेपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. सकाळी उठले की आधी गाठीवर बोट ठेवायचं. एकदा वाटलं वाढलीच, आणि मी मोरीत बसून रडले. संध्याकाळी पुन्हा चाचपली तर ती तेवढीच होती. पुन्हा रेघा ओढल्या, पुन्हा दार बंद झालं, पुन्हा घरघर. शेवटाला गाठीच्या जागी नुसती कडक कातडी राहिली. डॉक्टर म्हणाले, बरं झालं असं मी आत्ताच म्हणणार नाही, दर काही महिन्यांनी तपासणीला यावं लागेल, कित्येक वर्षं. उन्हातान्हात मेंढरांमागं हिंडणं नको. मग मालक लोकरीच्या गिरणीत निवडीच्या खात्यात लागले. आयुष्यभर मेंढराच्या अंगावरची लोकर बघितलेला माणूस आता गासड्यांतली लोकर बघतो. मी दवाखान्यातच आयाच्या कामाला लागले. खोली मिळाली, स्टोव्ह आला, राशनकार्ड आलं. तारखेला मी "डेट" म्हणायला लागले. आपल्या भागातून कुणी आलं की नवीन रेघा ओढायच्या आधी मी त्याच्या घरच्यांना बाजूला घेते आणि हा रंग कशाचा ते नीट सांगते.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदा माघारी आलो. तुझा निरोप होता की कळप येलदरीच्या अंगाला, धरणाचं काम निघालंय तिकडं गेलाय, म्हणून चुडाव्याला न जाता सेलूलाच उतरलो आणि बैलगाडीनं, चालत, पालापर्यंत आलो. तुला आठवत असेल, मामा वाकून गेले होते. गुडघे धरून उठायचे. मालकांनी आल्या आल्या काठी घेतली आणि मेंढरांत शिरले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. एवढे हसताना मी त्यांना मुंबईत कधी बघितलं नव्हतं. आणि माझा जीव टांगणीला, कारण तपासणीची तारीख तोंडावर आली होती.

व्हायचं तेच झालं. जेवताना मालक म्हणाले, "दादा, मी आता बरा हाय. तुमच्यानं होईना. मी हितंच ऱ्हातो."  मी काही बोलले असते तर पुन्हा मुंबईची हट्टी सून झाले असते, आणि तू पण माझ्याकडं बघायचं टाळत होतीस, पारू. तुला भाऊ हवा होता. तुझं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. त्या पालात त्यांची गरज नसलेलं एकही माणूस नव्हतं.

मामांनी हात धुतले. मालकांना जवळ बसवून घेतलं आणि मानेवर बोटं फिरवली, दोन्ही बाजूंनी, कानामागं, काखेत. आजारी मेंढराची गाठ चाचपतात तशी, सावकाश. मग म्हणाले, "बोटाला काई लागंना. पन माझं बोट म्हंजे मशीन न्हवं. तारखंला जा."

"दादा, पन मेंढरं..."

"मेंढरं इकून टाकीन. तू जा म्हनलं ना. हितं थांबून मरायलास का माझ्या डोळ्यादेखत?"

सकाळी त्यांनीच आमचं बोचकं बांधलं. मालक घुटमळत होते तर त्यांच्यावर काठी उगारली. मला म्हणाले, "पोरी, ह्येचं ऐकू नगस. ह्यो रडंल, तरी न्ये."

पारू, घराची सय येते का म्हणून विचारतेस. येते.  मुंबईची ही खोली माझं घर नाही, रोज झाडते तरी नाही. माझं घर म्हणजे ते पाल आणि त्याच्या तोंडाशी काठी उगारून उभा असलेला तो म्हातारा. पोरगा जवळ हवा म्हणून झुरत होता, आणि त्याला जवळ ठेवून घेत नव्हता. मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मालक अजून तारखेला जातात, आणि निघताना दर वेळेसारखी कुरकुर करतात. मी त्यांना सोडत नाही.