असिस्टंट दाजी

दुसऱ्याच्या मागे दोन पावलं उभं राहण्याची कला जगात कोणाला पुरती साधली असेल, तर ती आमच्या दाजींना. उंची दाराच्या चौकटीला टेकणारी, खांदे कपाटाएवढे, आवाज असा की हळू बोलले तरी शेजारच्या घरातलं बाळ उठावं. पण कुठल्याही फोटोत दाजी मागच्या रांगेत, आणि तेही अर्धेच. दाजी जन्माने अमेरिकन. मग आमचे दाजी कसे, तर आखातात धाहरानला मी नोकरीला होतो तेव्हा आमच्याच कंपाउंडमध्ये राहणाऱ्या डॉक्टरताईंचे ते यजमान. ताई कोल्हापूरच्या, मी कराडचा, आणि परदेशात एवढ्या अंतरावरची बाई म्हणजे सख्खी बहीणच. दाजी मराठी शिकले ते सासूबाईंशी फोनवर बोलून. त्यामुळे हा गोरापान धिप्पाड माणूस लिफ्टमध्ये भेटला की एखाद्या कोल्हापुरी आजीच्या सुरात विचारायचा, ‘‘आवं, जेवलासा का?’’ नाही म्हटलं तर जेवूनच जावं लागायचं, म्हणून मी नेहमी हो म्हणायचो आणि खोटं बोललो म्हणून दिवसभर खंतावायचो.

अमेरिकेत दाजी उभा जन्म कॉलेजांच्या फुटबॉल संघांचे असिस्टंट कोच होते. हा फुटबॉल आपला नव्हे. यात लांबुळका चेंडू हातात घेऊन एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी एकमेकांच्या अंगावर जायचं. त्यातही चेंडूवाले दाजींच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. चेंडूवाल्याला वाट करून द्यायला जे पाच दांडगे गडी भिंतीसारखे पुढे उभे असतात, त्यांना ते शिकवायचे. ‘‘माझी पोरं चुकली तरच टीव्हीवर दिसायची,’’ हे ते अभिमानाने सांगतात. असाच एका पोराचा गुडघा मोडला म्हणून दाजी त्याला दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा तिथे शिकायला आलेल्या ताई ड्यूटीवर होत्या. पोरगा महिन्याभरात चालू लागला, दाजी मात्र दवाखान्यात येतच राहिले.

त्या धंद्याची एक रीत आहे. संघ हरायला लागला की कॉलेज मुख्य कोचला नारळ देतं, आणि त्याच्यामागे असिस्टंट मंडळीही गाशा गुंडाळतात. मागे राहून साहेबाच्या खुर्चीत बसणं, हे दाजींच्या लेखी महापाप. त्यामुळे पुठ्ठ्याची खोकी घरात कायम तयार. ओहायो, कॅन्सस, आयडाहो, पुन्हा ओहायो, अशी नावं प्रत्येक खोक्यावर एकाखाली एक लिहिलेली, सोडलेल्या गावावर काट मारलेली, आणि सर्वांत खाली ‘धाहरान’ तेवढं मोकळं. ताईंना तिथल्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा दाजी कोचगिरी सोडून त्यांच्याबरोबर आले, पण खोकी काही उघडली नाहीत. लग्नात ताईंच्या आईने दिलेली पितळेची ताटं वर्तमानपत्रात गुंडाळून अर्धी अमेरिका फिरली आणि धाहरानला येऊन सोफ्यामागे बसली. सणावारालाही त्या घरात श्रीखंड कागदी ताटलीत. ‘‘कशाला सोडायची? उद्या परत बांधायलाच लागतंय,’’ असं दाजी म्हणत, आणि ताई आणखी एक कागदी ताटली पुढे करत.

तिथल्या मराठी मंडळाचा कबड्डीचा संघ निघाला तेव्हा कोच म्हणून कोणीतरी माझं नाव सुचवलं, कारण मी कॉलेजच्या संघात होतो. मी राखीव होतो आणि मैदानात गेलो ते फक्त पाणी द्यायला, हे मी उठून सांगणारच होतो. तेवढ्यात दाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘कोचसाहेब, आपुन तुमचा असिस्टंट.’’ मग ते सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून सगळं काम दाजींचं आणि मान माझा. आमच्याशी खेळणार असलेल्या मंगळुरी संघाच्या सामन्यांची चित्रणं मिळवून ते परत परत बघायचे आणि मैदानावर तोंडापुढे लाकडी फळी धरून माझ्या कानात सांगायचे, ‘‘त्यो चार नंबर, कान खाजवला की उजवीकडं घुसतोय.’’ फळी कशाला, तर ओठांवरून समोरच्यांनी ओळखू नये म्हणून. मी म्हटलं, ‘‘दाजी, त्यांच्यात मराठी कोणालाच कळत नाही.’’ तर म्हणाले, ‘‘असं सगळीच म्हणत्यात.’’ मी मान डोलावली की ते खेळाडूंकडे वळून जाहीर करत, ‘‘साहेबांनी ओळखलंय!’’ आणि मी शरमेने चपलांकडे बघत राही.

मध्यंतरात मुख्य कोचने गडी पेटवायचे असतात, हा त्यांचा आणखी एक नियम. मला सुचलं ते एवढंच, ‘‘जपून खेळा, उद्या सगळ्यांना ड्यूटी आहे.’’ दाजींनी डोळे पुसले. तो सामना आम्ही जिंकलो, आणि जिंकल्यावर मुख्य कोचला आंघोळ घालण्याच्या त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणे दाजींनी सर्वांसाठी केलेल्या कोकम सरबताचं अख्खं पिंप माझ्या डोक्यावर पालथं केलं. पांढरा सदरा जन्माचा गुलाबी झाला. त्याचं मला काही नाही, पण साठ माणसं तहानलेली राहिली, हे मी अजून विसरलेलो नाही.

मग माझा प्रकल्प संपला आणि पासपोर्टवर फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का लागला. दाजींना सांगायचं मी टाळत राहिलो, कारण ऐकल्यावर ते काय करतील हे मला ठाऊक होतं. शेवटी सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, ‘‘लई चांगला साहेब हुता,’’ म्हणाले, आणि संघ सोडला. महिन्यावर स्पर्धा आलेली. आमचा सर्वांत चांगला चढाईपटू, खेडचा फिटर शिगवण, मला गाठून म्हणाला, ‘‘काय वो कोच, तुम्ही गेलात तरी चालंल, पण दाजी गेले तर आमचा कसा व्हायचा?’’ इतकं खरं माझ्या तोंडावर क्वचितच कोणी बोललं असेल.

मी त्यांच्या घरी गेलो. दाजी खोक्यांना नवी चिकटपट्टी मारत होते. जायचं कुठेच नव्हतं, पण साहेब गेला की हात आपोआप पट्टीकडे जात असावेत.

‘‘दाजी, आता तुम्हीच कोच व्हा.’’

‘‘तुमच्या खुर्चीत? मेलो तरी न्हाई.’’

‘‘अहो, मला कोणी काढलेलं नाही. प्रकल्प संपलाय.’’

‘‘सगळं साहेब असंच सांगायचं,’’ दाजी हळुवारपणे म्हणाले आणि त्यांनी पट्टी दाताने तोडली.

ताई कागदी पेल्यांतून चहा घेऊन आल्या. ‘‘तो चर्रचर्र आवाज आधी बंद कर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दादा, ह्याला विचारा, मी शाळेत असताना काय खेळायचे ते.’’

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

‘‘कबड्डी! जिल्ह्याच्या संघात चढाईला मी असायचे. इतकी वर्षं गावोगाव ह्याच्या पोरांचे गुडघे बघितले, पण माझ्या गुडघ्यावरची खूण कशाची, हे ह्यानं कधी विचारलं नाही. शुक्रवारी मला सुट्टी असते. संघ मी घेते. फक्त एक असिस्टंट लागेल.’’

दाजी बायकोकडे असे बघत राहिले, की जणू एखादा गुणी खेळाडू इतके दिवस बाकावरच बसवून ठेवल्याचं आता त्यांना कळत होतं. मग ते उठले, सोफ्याला वळसा घालून ताईंच्या मागे दोन पावलांवर जाऊन उभे राहिले. ‘‘बोला, कोचसाहेब.’’

‘‘पहिलं काम, ती खोकी उघड.’’

निघण्याआधी मी आणि माझी बायको त्यांच्याकडे जेवलो, पितळेच्या ताटांत. ताटं काळवंडली होती. जेवणाआधी दाजी प्रत्येक ताट चिंच लावून घासत होते आणि ताईंना दाखवून पसंती घेत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात सामानासाठी ती रिकामी खोकी रचून ठेवलेली दिसली. प्रत्येकावर नावांच्या सगळ्यात खाली दाजींनी तिरक्या देवनागरीत लिहिलं होतं, ‘कराड’.

स्पर्धेत संघ उपांत्य फेरीत हरला. ताईंनी फोटो पाठवला, त्यात त्या पुढे, आणि मागे फळीआड अर्धे दाजी. कराडात आमचं सामान केव्हाच लावून झालं. ही म्हणते, आता तरी ती खोकी रद्दीवाल्याला द्या. देईन म्हणतो. पण त्यांच्यावरच्या ‘धाहरान’वर दाजींनी काट मारलेली नाही, कारण ते तिथेच राहिलेत. ती मलाच मारावी लागणार. पेन घेऊन दोनदा बसलो, आणि दोन्ही वेळा तसाच उठलो.