सावली: आहे / नाही

पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात सौरऊर्जेच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना आमच्या गल्लीत सगळे 'उन्हाच्या बाई' म्हणत. त्यांच्याविषयी लिहावं असं फार दिवस मनात होतं. मला लिहायची सवय नाही, पण दुसरं कोणी लिहील असंही वाटत नाही.

गच्चीवर सोलर पॅनल बसवणाऱ्याला घरपट्टीत सूट, आठ दिवसांत परवानगी, हे सगळं त्या दारोदार जाऊन समजावत. स्वतः मात्र आईबरोबर दोन खोल्यांत भाड्याने राहत. आजवर सात घरं बदलली, सातही तळमजल्यावरची.

"डोक्यावर कायम दुसऱ्यांचे पाय वाजले, आजोबा," एकदा म्हणाल्या. "आपलं म्हणून वर काहीतरी असावं हो."

मग ज्यांना गच्ची नाही त्यांच्यासाठी पालिकेने शाळेच्या गच्चीवर सामाईक पॅनल बसवायचं ठरवलं. अट एकच, महिनाअखेरीपर्यंत चाळीस घरांचे अर्ज हवेत. बाईंनी पहिला अर्ज स्वतःचा भरला. मला गच्ची आहे, पण शेजारच्या उंच इमारतीने तिचं ऊन खाल्लंय, म्हणून मीही भरला. चाळीस कसेबसे जमले.

चार दिवस उरले असताना त्यातले एकोणतीस परत आले. ऑफिसने जुनाच छापील अर्ज वापरला होता आणि त्यात एक रकाना होता, 'सावली: आहे / नाही'. पॅनलवर सावली पडली की वीज कमी होते, म्हणून तो प्रश्न. पण सावली आहे का विचारल्यावर नाही कोण म्हणेल? त्या एकोणतीस जणांनी हौसेने 'आहे' लिहिलं होतं.

बाई माझा अर्ज नाचवत आल्या. "आजोबा, 'भरपूर' काय लिहिलंत?"

"आहेच मुळी भरपूर. दुपारी येऊन बस, पंखा लागत नाही."

"अहो, शाळेच्या गच्चीचं विचारलंय! खोडा आधी ते."

तीन दिवसांत अठ्ठावीस अर्ज दुरुस्त झाले. अडलं ते शिंपीणबाईंपाशी. त्यांनी लिहिलं होतं, 'आहे, सासऱ्यांची'. शेवटच्या दिवशी बाई मला सोबत घेऊन गेल्या.

"मामंजी सहा महिने अंथरुणावर आहेत," शिंपीणबाई मशीन थांबवून म्हणाल्या, "आणि मी माझ्या हाताने 'सावली नाही' लिहू? जीभ झडेल माझी."

"लिहायला जीभ कुठे लागते?" मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

बाईंनी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. आग्रह केला नाही. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

तेवढ्यात आतून खोकला आला. "सूनबाई, आण तो कागद इकडे. माझी सावली आहे ना? मग मी बघतो काय लिहायचं ते."

म्हाताऱ्याने उशीवर कागद ठेवून 'नाही' लिहिलं. वर म्हणाला, "आता माझा पंखा फुकट फिरणार का?"

"फुकट नाही, स्वस्तात," बाई म्हणाल्या, आणि पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

दोन महिन्यांनी पॅनल बसली. बाईंनी मला बघायला बोलावलं. जिने चढताना त्या माझ्यापुढे दोन मजले निघून गेल्या होत्या. वर पोचलो तर वायरमनशी बोलत होत्या.

"यातलं माझं कुठलं?"

"तुमचं असं नाही, बाई. सगळ्यांचं मिळून आहे."

"एखादं तरी असेल ना? चाळीस घरं आहेत."

"तारेत गेल्यावर वीज कुणाची हे कोण ओळखणार?" तो हसला. त्याही हसल्या.

मग चालत पार टोकाच्या पॅनलपाशी गेल्या आणि त्याच्या कडेवर हात ठेवला.

"चटका बसेल हो!" वायरमन ओरडला.

"बसू दे."

त्याला गच्चीला कुलूप लावायचं होतं. त्याने दोनदा हाक मारली, मग किल्ली माझ्या हातात दिली आणि तो खाली निघून गेला.