अमावास्येचा हिरवा बाण

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात ना रक्त सांडले होते, ना कुठले कुलूप फुटले होते. एका माणसाचा शब्द खरा की खोटा, एवढाच प्रश्न होता.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. शेअर बाजार चढत होता आणि कोल्हापुरात ज्याच्या-त्याच्या तोंडी तीच चर्चा होती. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एके दुपारी ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडून घोगरा आवाज आला. प्रत्येक वाक्याआधी तो माणूस घसा खाकरत होता.

"नाव सांगणार न्हाय साहेब. तुमच्या हद्दीत एक गूळवाला हाय. स्वतःकडचं पडीक शेर दोस्तांच्या गळ्यात मारल्यात त्यानं. माणूस खोटा हाय. बघा आता तुमचं तुम्ही."

फोन ठेवला गेला. स्टेशन डायरीत 'अनोळखी इसमाचा दूरध्वनी' अशी नोंद करून मी हवालदाराला बरोबर घेतले.

पेठेत कुजबुज होतीच, त्यामुळे गूळवाले लगेच सापडले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची गुळाची अडत होती, शेतकऱ्यांचा गूळ ते सौद्यात, म्हणजे लिलावात, विकून देत. शिवाजी पेठेतल्या एका तालमीत ते आणि त्यांचे चार मित्र लहानपणापासून एकत्र वाढलेले. या पाच जणांनी मिळून शेअर घ्यायचे ठरवले होते. अण्णांची बाजारात उठबस असल्यामुळे खरेदी त्यांच्याकडे सोपवली होती. अट एकच. जवळच एका गृहस्थाने 'शेअर मार्केट क्लास' काढला होता. तिथल्या संगणकावर भावाचा आलेख दिसे आणि त्यावर बाण उमटत. थोड्या दिवसांच्या सरासरीची रेघ जास्त दिवसांच्या सरासरीला ओलांडून वर गेली की हिरवा बाण, म्हणजे घ्या. खाली गेली की लाल, म्हणजे विका. हिरवा बाण दिसल्याशिवाय अण्णांनी काही घ्यायचे नाही, असे ठरले होते.

अण्णांनी घेतले आणि भाव कोसळला. चौघे संध्याकाळी क्लासमध्ये गेले, तर त्या दिवसावर हिरवा बाण नव्हताच. म्हणजे अण्णांनी स्वतःकडचेच शेअर आपल्या गळ्यात मारले, असा त्यांचा संशय.

मी चौघांचे जबाब घेतले. त्यातला एक जण वाक्याआधी घसा खाकरत होता. मी ओळखले, पण बोललो नाही. खबर देणारा कोण यापेक्षा खबर खरी का, हे आधी पाहावे लागते.

मग अण्णांना ठाण्यात बोलावले. धोतर, टोपी, चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याची कळा. खुर्ची दिली तरी बसेनात.

"बाण हुता साहेब. माझ्या या डोळ्यांनी बघितला."

"संगणक तर नाही म्हणतो, अण्णा."

"मग संगणक खोटं बोलतोय."

हवालदार हसला. "अण्णा, यंत्र कशाला खोटं बोलंल? त्याला काय पोटपाणी हाय?"

"तुम्हाला गंमत वाटती," अण्णा म्हणाले. "आमच्या सौद्यात कागद न्हाय, सही न्हाय. बोली सुटली की सुटली. तोंडातनं गेलेला भाव परत घेता येत न्हाय. परवा एका शेतकऱ्यानं माझ्याकडची गाडी दुसऱ्या अडतीला नेली. 'अण्णा, तुमच्याबद्दल काय बाय ऐकतोय,' म्हणाला. तालमीत गेलो तर चौघं उठून गेली. शेर गेलं तर जाऊ देत साहेब. शब्द गेला तर मी दुकान कशावर उघडू?"

खोटे बोलणारा माणूस बहुधा तपशील वाढवत जातो. अण्णा दर वेळी तेवढेच सांगत होते. पण माझा विश्वास बसणे हा पुरावा नव्हे. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला एक प्रश्न शिकवला होता: त्या दिवशी रोजच्यापेक्षा वेगळे काय होते? तो मी विचारला.

अण्णा विचारात पडले. "वेगळं काय असणार? अमावास्या हुती."

"म्हणजे?"

"अमावास्येला गुळाचा सौदा बंद असतोय की. एरवी सकाळी मी सौद्यात. क्लासात जायचं ते संध्याकाळी. त्या दिवशी मोकळा हुतो म्हणून सकाळीच गेलो, बाण दिसला, तिथनंच दलालाला फोन करून घेतलं. आता ही चौघं म्हणत्यात, अमावास्येला खरेदी केलीस, आणि काय हुणार!"

मी हवालदाराकडे पाहिले. चौघांपैकी एकानेही तो आलेख बाजार चालू असताना पाहिला नव्हता. कुणाची दूध डेअरी, कुणाचे दुकान. सगळे जात ते संध्याकाळी, बाजार मिटल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून साध्या कपड्यातला हवालदार क्लासमध्ये विद्यार्थी म्हणून बसू लागला. मिशा आणि आवाज लपण्यासारखे नव्हते, म्हणून त्याने स्वतःला मलकापूरचा पोल्ट्रीवाला म्हणवून घेतले. त्याला सांगितले होते, पडद्यावरून नजर काढायची नाही, एखाद्या घरावर पाळत ठेवतो तशी. रोज येऊन तो कुरकुर करी. "साहेब, त्यापेक्षा मला दरोडेखोर द्या. ती रेघ बघून बघून माझंच डोळं वर-खाली हुयाला लागल्यात."

आठवड्याने एका सकाळी त्याचा फोन आला. "हिरवा उगवलाय साहेब. लगोलग या."

मी दोन पंच घेऊन गेलो आणि क्लासवाल्याला ओळख दिली. तो गोंधळला. मी म्हटले, "काही करू नका. फक्त हे बंद करू नका." पंचांच्या देखत लिहून घेतले: पडद्यावर हिरवा बाण दिसत आहे. मग आम्ही सगळे बसून राहिलो. चहा झाला. दुपारी भाव उतरू लागला. दोन रेघा पुन्हा जवळ आल्या. आणि बाजार मिटायच्या थोडे आधी हवालदार ताडकन उठला.

"बाण पळाला! साहेब, बघा, बघा, पळाला की ओ!"

पडद्यावर काहीच नव्हते. जणू सकाळपासून तिथे कधी काही नव्हतेच.

क्लासवाला शिकलेला माणूस होता. शांतपणे म्हणाला, "सर, यात लबाडी नाही. आजचा चालू भावही सरासरीत धरतात, तो हलला की सरासरी हलते. दिवस संपेपर्यंत सिग्नल पक्का नसतो."

"हे तुम्हाला माहीत होते?"

"हो."

"संध्याकाळी लोकांना आलेख दाखवून 'एकही बाण चुकलेला नाही' असे सांगत होता, तेव्हा हे बोललात?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"आणि अण्णांना चौघे खोटे म्हणत होते, तेव्हा?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर क्लासला कोण आलं असतं, सर?"

तेच मी त्याच्या जबाबात घेतले. फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली, त्याने सर्वांच्या फिया परत केल्या आणि क्लास बंद केला. शेअरचे नुकसान पाचही जणांनी वाटून घेतले.

पंचनामा मी तालमीत चौघांना वाचून दाखवला. अण्णा दाराशी उभे होते. वाचून झाल्यावर एकाने कोपऱ्यातली चटई ओढून अण्णांसमोर पसरली. "बस की लेका, हुबा काय ऱ्हायलास?" अण्णा बसले. कोल्हापुरात माफी अशीच मागतात.

त्यानंतर दर हंगामात अण्णांकडून गुळाची एक ढेप येई. ढेपेची किंमत घेतल्याशिवाय ती आणणाऱ्या त्यांच्या माणसाला जाऊ द्यायचे नाही, हा माझा नियम, आणि किंमत घेऊन आलास तर दुकानात पाऊल ठेवू नकोस, हा त्यांचा माणसाला हुकूम. ते भांडण आम्ही बरीच वर्षे आनंदाने चालवले. निवृत्तीनंतर मी त्यांच्या अडतीवर पुस्तक घेऊन बसत असे. समोर सौदा चाले. ते मधेच विचारत, "काय म्हणतंय पुस्तक?"

या प्रकरणाने मला माझ्याच कामाचा अर्थ शिकवला. पंचनामा जागेवर आणि तेव्हाच का करायचा, हे मी पाठ केले होते, पण समजले ते त्या पडद्यासमोर. दिवस संपल्यावर माणूसही आपला आलेख पुन्हा काढतो. त्यात त्याचा एकही बाण चुकलेला नसतो. तो खोटे बोलतो असे नाही, त्याला खरोखर तसेच दिसते.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. दहाव्याला मी पंचगंगेच्या घाटावर गेलो. मित्रांपैकी दोघेच उरलेत. विधी आटोपल्यावर लोक पायऱ्यांवर बसले आणि कुणीतरी बाणाची गोष्ट काढली. हवालदाराची मिशी, पोल्ट्री, सगळे निघाले. लोक हसले. अण्णांनाही आवडले असते.

मग त्या दोघांतल्या एकाने घसा खाकरला. म्हातारपणाने आवाज आणखी घोगरा झाला होता.

"मी पैल्यापास्नं सगळ्यांस्नी सांगत हुतो," तो म्हणाला, "अण्णा खोटं बोलणारा माणूस न्हवं." डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते पुसायचेही त्याला सुचत नव्हते. माझ्याकडे वळून त्याने विचारले, "व्हय की न्हाय साहेब? तुम्ही सांगा की यांना. तुम्हाला तर ठावं हाय."

स्टेशन डायरीतल्या त्या नोंदीत मी 'अनोळखी इसम' असे लिहिले होते. तो शब्द मी तसाच राहू दिला.

"व्हय," मी म्हणालो. "ठाऊक आहे."