मी रोह्यात असताना आखलेले डोळे

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचते आहे आणि, राग मानू नका, बहुतेक वेळा हसते. पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप उघडणारं दार... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. आजही घालत नाही. तरी लिहिते आहे, कारण पेणमध्ये माझ्या नावावर भलतीच कहाणी फिरते आहे. त्यापेक्षा खरं काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका.

मी पेणची. वय बेचाळीस. गणपतीच्या कारखान्यात गेली वीस वर्षं डोळ्यांची आखणी करते. मूर्ती रंगवून झाली की सगळ्यात शेवटी डोळे आखायचे. बुबुळ, पापणी, भुवई – तिथे हात चुकला तर सगळ्या मूर्तीवर पाणी पडतं. मला चष्मा होता, उणे साडेसहा नंबरचा. आखताना मी तो काढून ठेवायची आणि मूर्तीला जवळजवळ नाक लावून काम करायची. जाड भिंगवाल्यांना ठाऊक असेल, चष्मा काढला की जवळचं किती बारीक दिसतं ते. पण आठ फुटी मूर्तीला हे चालत नाही. तिथे परांचीवर चढायचं, एक डोळा आखायचा, मागे सरून दुसऱ्याशी जुळतो का बघायचं. मी मागे सरले की मला सोंडसुद्धा धूसर दिसायची, आणि चष्मा चढवावा तर जाड भिंगातून सगळं लहान दिसून जुळणीचा अंदाज चुकायचा. त्यामुळे मंडळांच्या मोठ्या मूर्ती कायम पुरुष कारागिरांकडे. मी दरवर्षी मागायची आणि दरवर्षी भाऊ, म्हणजे आमचे कारखानदार, टाळायचे. या वर्षी सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "चष्मा घालवून ये, मंडळाची मूर्ती तुझी."

मी ते हसण्यावारी नेलं नाही. पनवेलला जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, लेझर होईल, लांबचं स्वच्छ दिसेल, पण तुमची चाळिशी उलटली आहे, जवळच्यासाठी चष्मा लागेल. मी मान हलवली. खरं सांगायचं तर ऐकलंच नाही. जिने वीस वर्षं जवळचं बघूनच पोट भरलं, तिला जवळचं दिसणार नाही म्हणजे काय, असं वाटलं. चूक माझी, डॉक्टरांची नाही.

ऑपरेशन दहा मिनिटांत आटपलं. डोळ्यांत थेंब, पापण्यांना चिमटा, समोर हिरवा दिवा, आणि केस जळल्यासारखा वास. कारखान्यात धूळ आणि रंगाचा फवारा, म्हणून आठवडाभर रोह्याला, वरसे गावात ताईकडे राहायला गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून काळा गॉगल लावून पडले होते. झोप नव्हती, डोळे फक्त मिटलेले. ताई शेजारी बसून वालाचं बिरडं सोलत होती. ती मध्येच म्हणाली, "हात कशाला हलवतेस गो?" मला काही कळेना. तिने माझं मनगट धरलं तेव्हा लक्षात आलं, उजवा हात हवेत होता आणि बोटं ब्रश धरल्यासारखी जुळलेली. बराच वेळ चाललंय, मला वाटलं माशा हाकलतेस, असं ती म्हणाली. थेंबांची वेळ झाली का म्हणून तिने घड्याळ बघितलं, सव्वादोन. मी थेंब घातले आणि विसरून गेले.

साडेतीनला भाऊंचा फोन. पेणला कधी आलीस आणि न विचारता मंडळाच्या मूर्तीला हात कसा लावलास, म्हणून माझ्यावरच उखडले. जेवायच्या सुट्टीत एक ते अडीच कारखान्याला कुलूप असतं, एकच किल्ली, ती भाऊंच्या खिशात. जाताना मूर्तीला डोळे नव्हते. अडीचला उघडलं तर दोन्ही डोळे आखून तयार, रंग अजून ओला. मी रोह्यात आहे म्हटलं तरी ऐकेनात. "खोटं बोलू नको. हात तुझाच हाय." रोह्याहून पेण तासाभराचा रस्ता, तोही वडखळला गाड्या अडकल्या नाहीत तर. ताईने फोन हिसकावून त्यांना चांगलं सुनावलं. तरी शेवटी म्हणालेच, खोटं निघालं तर कामावर येऊ नको.

आठवड्याने मी गेले, तोवर वारं फिरलं होतं. चोरून हात लावल्याचा आरोप राहिला बाजूला, आता चमत्कार झाला होता. मूर्तीपुढे उदबत्त्या, मंडळाची माणसं पाया पडत होती, दोघं-तिघं तर माझ्याही. मी दारातूनच बघितलं. चष्म्याशिवाय इतक्या लांबून मूर्तीचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा दिसला. आखणी माझीच होती. खालच्या पापणीच्या कोपऱ्यात मी लालसर रेघ सोडते, तशी आमच्याकडे कुणी सोडत नाही. परांचीवर चढून जवळ गेले आणि सगळं पुसट झालं. डॉक्टर काय सांगत होते ते तेव्हा कळलं. दारातून दिसलेल्या त्या बारीक रेघा नाक लावूनच निघतात, ते डोळे आखलेले होते माझ्या जुन्या नजरेने. ती नजर मी पनवेलला घालवून आले होते.

भाऊ समजुतीने म्हणाले, नाव तुझंच लावू, बाप्पाने तुझ्या हातून करून घेतलं म्हणू. नुसतं हो म्हटलं असतं तर मूर्ती, मान, सगळं घरबसल्या मिळत होतं. पण मला भयंकर राग आला. वीस वर्षं जे काम मी मागत होते ते माझ्यावाचून कुणीतरी उरकून टाकलं होतं, आणि मी त्याबद्दल हात जोडायचे?

"हे काम माझं नाय," मी म्हटलं. "मी माझं करते."

बाजारातून जवळचा तयार चष्मा आणला आणि पांढरा रंग घेऊन पुन्हा चढले. वाळलेला डोळा पुसायचा नाही, हा आमच्या कारखान्याचा नियम. खाली एकच गलका झाला. मंडळातला एक जण देवाचे डोळे काढतेस का म्हणत मला उतरवायला पुढे आला. त्याला भाऊंनी अडवलं. "थांब. मूर्ती तिची, शब्द मी दिलाय." आणि परांचीचा खांब धरून उभे राहिले.

दोन्ही डोळ्यांवर पांढरा रंग फिरवला. तेव्हा मला रडू आलं, लपवत नाही. तितके सुरेख डोळे मी पुन्हा कधीच काढू शकणार नव्हते, हे मला एकटीलाच माहीत होतं. मग रंग वाळल्यावर चष्मा लावून आखले, चष्मा कपाळावर चढवून मागे सरून बघितले, परत आखले. चार तास गेले. डावा डोळा किंचित खाली आहे, अगदी दोराभर. मंडळाने कुरकुरत का होईना, तीच मूर्ती नेली.

हात हलण्याबद्दल डॉक्टरांना विचारलं. औषधाने असं होत नाही म्हणाले. कुलूप शाबूत होतं आणि दुसरी किल्ली निघाली नाही. तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. फक्त खाली 'बाप्पाची कृपा' असं लिहू नका. कृपाच करायची होती तर त्याने आधी मला विचारायला हवं होतं.