दहा ओळींचा अर्ज

नुरुद्दीन माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणून माझ्यासमोर तो अजून खुर्चीत बसत नाही. मी रागावतो. "ऱ्हवांदे, मास्तरांनू," तो म्हणतो आणि उंबऱ्यावर टेकतो. विजयदुर्गात इतका अदबशीर माणूस शोधून सापडणार नाही. त्या अदबीनेच त्याचं वाटोळं केलं, हे आज स्पष्ट लिहितो.

चार वर्षांपूर्वी त्याने आणि आणखी आठ जणांनी एकाच कारखान्यातून फायबरच्या होड्या घेतल्या. पहिल्याच हंगामात नऊच्या नऊ होड्यांना बुडाशी तडे गेले. कारखानदार फोन उचलेना. मी निवृत्त मास्तर, अक्षर बरं. ग्राहक आयोगाकडे सगळ्यांची मिळून तक्रार लिहायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर झोकात उतरला. खाली सह्यांसाठी ओळी आखल्या, नऊ नव्हे, दहा.

"पयली सही एजाजचाचांची व्हयी," नुरुद्दीन म्हणाला.

चाचा मोहल्ल्यातले सर्वांत वडील. त्यांनी होडी घेतली नव्हती, पण त्यांच्याआधी सही करणं कुणाच्या मनातही येईना. चाचांनी कधी नाही म्हटलं नाही. कारखानदार त्यांच्या जावयाचा दोस्त, म्हणून अवघडल्यासारखं व्हायचं त्यांना. "बघूया रे, घाई कित्याक?" नुरुद्दीन दर शुक्रवारी नमाजानंतर कागद घेऊन जायचा आणि चहा पिऊन परत यायचा.

"अरे, तूच कर ना सही!" मी ओरडायचो.

"मोठ्यांच्या आधी? माका जमूचा नाय."

असे दोन पावसाळे गेले, तिसरा आला. शेवटी त्याची बायको जहिरा कडाडली, "कागद घडीवर फाटाक इलो! आता वकिलाक तरी विचारा." तेव्हा कुठे आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, दीपिका वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी अर्ज वाचला. "एकाच विक्रेत्याकडून अनेकांना सारखाच त्रास झाला असेल, तर एकालाही सगळ्यांच्या वतीने तक्रार करता येते. आयोगाची परवानगी घ्यायची, मग बाकीच्यांना नोटीस जाते. सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत. तुम्ही एकटे पुरे होतात."

मग त्यांनी तारखा पाहिल्या. "पण तडे गेल्यापासून दोन वर्षांच्या आत यायला हवं होतं. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो. काय कारण होतं?"

नुरुद्दीनने खरं तेच सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. तरी त्यांनी अर्ज करून पाहिला. उशीर माफ झाला नाही.

दोष त्याचा एकट्याचा नाही. ओरोस काही सातासमुद्रापार नव्हतं. अक्षर घोटत बसण्याऐवजी मी एकदा जाऊन विचारलं असतं तर नऊ घरं सावरली असती. मला याची लाज वाटते, आणि ती जात नाही.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी नुरुद्दीन दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहे. त्याची होडी अंगणात उपडी पडली आहे, खाली जहिराच्या कोंबड्या बसतात.

निकाल कळल्यावर चाचा स्वतः काठी टेकत त्याच्याकडे आले. मी तिथेच होतो. म्हातारा खरोखर कळवळला होता. "आण तो कागद," म्हणाले, "करतंय सही."

आता उपयोग नाही, हे नुरुद्दीनने त्यांना सांगितलं नाही. खुर्ची दिली, कागद दिला, स्वतः उभा राहिला. चाचांनी पहिल्या ओळीवर सावकाश सही केली.

कागद अजून त्याच्या कपाटात आहे. खालच्या नऊ ओळी कोऱ्याच आहेत.