दहा लाख सदतीस

"दादा, बाबा गेले..." रमा फोनवर एवढंच म्हणाली. त्याला आता महिना होत आला. तेव्हापासून हे लिहायचं टाळतोय, कारण लिहायचं तर स्वतःची लाजच लिहावी लागते.

तिचे बाबा, आमचे सुदामकाका, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सदतीस वर्षं कामगार होते. आम्ही शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मला पाढे त्यांनीच शिकवले. शिक्षण नववीपर्यंत, पण मोठी संख्या दिसली की सम का विषम, मूळ का संयुक्त, हे ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "माणसाची जात विचारू नये बाळा, संख्येची सोडू नये," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी दहा लाखांत नोकरीची सदतीस वर्षं मिळवली आणि ती संख्या मूळ आहे का, ते शोधायला बसले. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी एकेक करून भागायचं, तेही हाताने. कॅल्क्युलेटरला ते शिवत नसत. एकीनेही भाग गेला नाही.

त्याच सुमारास मला डॉक्टरेट मिळाली म्हणून विहारात सत्कार होता. काका कागद घेऊन पुढे आले. प्राध्यापक झाल्यापासून ते मला 'सर' म्हणत, आणि मीही कधी नको म्हटलं नाही. "सर, दहा लाख सदतीस. मूळ निघते. एकदा आपण बघावं." फोटोसाठी लोक खोळंबले होते. तीन-पाचने भाग जाणार नाही हे दिसतच होतं, म्हणून मी मोबाईलवर आकडे दाबून सातने भागलं. निःशेष भाग गेला. "काका, साध्या सातनेच जातोय की! काडतुसं मोजणं वेगळं आणि गणित वेगळं." सगळे हसले. मीही हसलो. काकांनी कागदाची घडी घातली. "असेल सर. वय झालं..."

काका गेल्यावर घरी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला रमाने त्यांचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. पानामागून पान एकच भागाकार, सातने. प्रत्येकाखाली बाकी तीन. आणि बारीक अक्षरात, 'सर चुकणार नाहीत. माझंच कुठंतरी चुकतंय. उद्या परत.' मी तिथंच मोबाईल काढला. बाकी खरंच उरत होती. मग एक शून्य कमी घालून पाहिलं, तर भाग पूर्ण गेला... सत्काराच्या घाईत मी एक लाख सदतीसला भागलं होतं.

"दोन वर्षं रोज सकाळी हेच," रमा म्हणाली. "दुसरी संख्या घ्या म्हटलं, तर म्हणायचे आधी हिची चूक सापडू दे. कुठं चुकत होतं रे त्यांचं?"

घर माणसांनी भरलेलं होतं. मी म्हणालो, "घरी नेऊन निवांत बघतो."

रजिस्टर माझ्या टेबलावर आहे. एकशे अडुसष्ट भागाकार मी हाताने करून पाहिले. रमा, बाबांचं कुठंच चुकलं नव्हतं. चुकलो मी, आणि त्या दिवशी तुझ्यासमोरही माझी जीभ उचलली नाही. शेवटच्या पानावर त्यांनी संख्या मांडून डावीकडे सात लिहिला आहे, पुढे काही नाही. तो भागाकार पूर्ण करायला माझा हात धजत नाही.