स्वस्त पॅडचे वकील

डिगूमामा सायकलवर टांग टाकायचे, दोन्ही हात हँडलवर ठेवायचे आणि तसेच उभे राहायचे. रस्ता मोकळा, हवा छान, पण मामा काही हलत नसत. मग स्वतःच्याच अंगठ्यानं घंटी दोनदा वाजवायचे, टण टण, आणि डबल बेल मिळाल्याच्या समाधानानं पॅडल मारायचे. थांबायचं असलं की एकच बेल. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर कंडक्टर गेला, प्रवासी गेले, गाडीही गेली. पण बेलशिवाय गाडी हलवणं त्यांना जमलं नाही ते नाहीच. उतार लागला की मागं न बघता ओरडायचे, "दाराजवळचे आत व्हा!" मागच्या सायकलवर मी एकटाच असायचो. तरी थोडा आत सरकायचो.

धाराशिवला आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घरासमोर. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी मी 'मास्तर'. त्यांच्या मिशा इतक्या भरघोस की एका हिवाळ्यात चिमणीच्या जोडप्यानं जागा बघून गेल्याचं मी स्वतः पाहिलंय. निदान पाहिल्यासारखं आठवतंय. आवाजाचं तर विचारू नका. मामा अंगणात खाकरले की परंड्याच्या किल्ल्यातली तोफ आपल्यालाच हुकूम आला समजून तयारीला लागत असे.

आणि चुकणं हा प्रकार त्यांच्या आयुष्यात नव्हता. एकदा परंड्याची गाडी त्यांनी गप्पांच्या नादात सरळ सोनारीला नेऊन उभी केली. आतल्या लोकांनी आरडाओरडा केला. मामा खाली उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "काळभैरवाच्या दारात आणून सोडलंय, वर मलाच बोलता व्हय? जावा, दर्शन घेऊन या." अर्धी गाडी दर्शन घेऊन आली आणि उरलेल्या अर्ध्या गाडीनं मामांना नारळ दिला. त्याच फेरीत आपल्याला मामी पहिल्यांदा दिसल्या, असं मामा सांगायचे. मामी सोनारीच्याच. त्या म्हणायच्या, "काय बी सांगत्यात. लगीन ठरलं व्हतं आदीच. गाडी मुद्दाम आणली व्हती."

निवृत्त झाल्यावर लेकीनं त्यांना गिअरची माउंटन बाइक दिली. जाड टायर, पुढं-मागं चकचकीत पातळ तबकड्या आणि त्या तबकड्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे डिस्क ब्रेक. मामा त्या सायकलच्या इतके प्रेमात पडले की मामींनी तिचं नाव 'सवत' ठेवलं. येताजाता तिच्याकडं पाठ करायच्या. मामा सायकल पुसायला बसले की आतून भांडी आपटल्याचे आवाज यायचे, आणि मामा मला हळूच म्हणायचे, "मास्तर, आज लई सांभाळून. आज पातेली सुरू हायेत, अजून परातीवर आली न्हाय."

वर्षभरात ब्रेकचे पॅड झिजले. पॅड म्हणजे त्या चिमटीतल्या दोन चकत्या. तबकडीला घासून त्याच गाडी थांबवतात. मामांनी माझ्या मोबाइलवरून सगळ्यांत स्वस्त पॅड मागवले. पाकिटावर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं, आत चार चकत्या आणि दोन स्प्रिंगा. इथूनच त्यांचं आणि डॉक्टरांचं महायुद्ध पेटलं.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. त्यांची सायकल इतकी महाग की तिला गोठा बांधावा लागला असता. ते रोज सकाळी चहाच्या टपरीवर मामांच्या सायकलकडं, आजारी म्हशीकडं बघावं तसे बघायचे.

"मामा, हे असले पॅड घेऊन उतरू नका हो. लांब उताराला तापतात, पकड सोडतात. पावसाच्या चिखलात तर साबणासारखे झिजतात."

"झिजू द्या की," मामा म्हणायचे. "पॅड म्हंजी भाकरी. खायची, सपली की दुसरी थापायची. अन् पावसात मी चहा पितो, सायकल कुठं चालवतो?"

"महागाचे धातूचे पॅड वेगळेच असतात."

"असत्यात की. आल्प्सच्या डोंगरात जायचं असलं तर घेईन. मला दूध आणाय जायचंय."

आता खरं सांगायचं तर मामा उगाच तोंड चालवत नव्हते. नवे पॅड बसवले की ते मैदानावर जाऊन थोडा वेग घ्यायचे आणि हळूच दाबायचे, पुन्हा वेग, पुन्हा हळूच. तासभर हाच उद्योग. "पॅडची अन् तबकडीची आदी वळख करून द्यायची," म्हणायचे. "एकदम आवळलं की बिचारं बिथरतं." लांब उताराला सतत दाबून धरायचे नाहीत, दाब, सोड, दाब, सोड. "ब्रेक हातात नसतो मास्तर, डोस्क्यात असतो." त्या बेनाम पॅडवर त्यांची सायकल अशी थांबायची की पुढच्या चाकाखाली आलेली मुंगी मागं वळून नमस्कार करून जायची.

पण डॉक्टर ऐकेनात आणि मामा सोडेनात. नवरात्र सुरू झालं तेव्हा टपरीवर पैज लागली. दसऱ्याच्या सकाळी मामांनी हातलाईच्या डोंगरावरून उतरायचं आणि पायथ्याला मी खडूनं मारलेल्या रेघेच्या आत सायकल थांबवायची. थांबली तर डॉक्टरांनी पॅड हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. नाही थांबली तर मामांनी टपरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, 'मी चुकलो.' ऐकणारे गार पडले. डिगूमामा आणि 'मी चुकलो'! त्यापेक्षा ते मिशा उतरवायला तयार झाले असते.

ही बातमी मामींपर्यंत पोचली. त्या दिवशी परातसुद्धा आपटली नाही, आणि मामा खरे घाबरले ते तेव्हा.

दसऱ्याला डॉक्टरांच्या जीपमधून सायकली डोंगरावर नेल्या. मामांची सायकल घरातूनच गोधडीत गुंडाळून आली होती. वर गेल्यावर गोधडी सोडली तर हँडलला झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची, आणि मधोमध ठसठशीत शेंदराचा टिळा. मामा बघतच राहिले. डोळ्यांना चष्मा लागलेला, पण ऐटीपायी तो खिशातच असायचा. बाकी त्यांना काही नीट दिसलं नाही, टिळा मात्र दिसला. आमच्याही नजरा त्या हारा-टिळ्यावरच अडकल्या.

"मास्तर," त्यांचा आवाज चक्क हळू झाला होता, "खंडेनवमीची पूजा केली तिनं. सवतीची! अन् काल मला घराबाहेर घालवलं व्हतं, आपटा आणा म्हणून."

मी खाली जाऊन रेघ मारून उभा राहिलो. वर डबल बेल वाजली. ती पायथ्यापर्यंत ऐकू आली आणि मामा निघाले. वळणापर्यंत त्यांनी ब्रेकला हातही लावला नाही, सगळं झकास. शेवटच्या सरळ उताराला त्यांनी ब्रेक दाबला, आणि मोठ्या रेड्यानं गाणं शिकायला सुरुवात करावी तसा आवाज निघाला. मग तोही बंद झाला. वेग काही कमी होईना. मामांचे दोन्ही हात ब्रेक आवळून पांढरे पडलेले मला दिसले.

"दाराजवळचे आत व्हाऽऽ!"

मी रेघ सोडून रस्त्याकडेच्या बाभळीत शिरलो. मामा माझी रेघ ओलांडून गेले. पुढं कुणीतरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. त्यावरून सायकल अशी सरकली की जणू डांबराला शेवाळ आलंय. पुढं काळ्याभोर शेळ्यांचा कळप होता. शेळ्या दोन बाजूंना झाल्या, शिस्तीत, पालखीला वाट द्यावी तशा. आणि त्यांच्या पलीकडं, मळणी झालेल्या शेताच्या कडेला, सोयाबीनच्या भुशाचा, आमच्याकडं ज्याला गुळी म्हणतात तिचा, घराएवढा ढीग होता. मामा सायकलसकट त्यात शिरले आणि दिसेनासे झाले.

सगळीकडं शांतता. मग ढिगाच्या पोटातून आवाज आला. टण. एकच बेल. गाडी थांबली होती.

मी धावत जाऊन त्यांना उपसून काढलं. मिशांत इतकी गुळी की एका शेळीनं लगेच नाष्टा सुरू केला. कुठं मोडलं नव्हतं, खरचटलं तेवढं. मामा माझा हात झटकून आधी सायकलपाशी बसले. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मागच्या तबकडीवर बोट फिरवलं, बोट लालभडक झालं. वास घेतला.

"करडईचं तेल," ते पुटपुटले. "अन् शेंदूर."

मलाही समजलं. मामी काळभैरवाच्या गावच्या. तिथं देवाला तेलात कालवलेला शेंदूर चोळतात. सवतीवरचा राग विसरून, नवऱ्याचा जीव तिच्या भरवशावर असणार म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिची पूजा केली. आणि तिच्यात सगळ्यांत चकचकीत, देवाच्या टाकासारखं काय दिसलं, तर त्या दोन तबकड्या. त्यांना त्यांनी मनापासून चोळून शेंदूर लावला. डिस्क ब्रेकला तेलाचा थेंब लागला की पॅड कामातून जातो, मग तो स्वस्त असो की सोन्याचा.

मामांचा चेहरा उजळला. "मास्तर! पॅड निर्दोष हायेत! बोलवा डॉक्टरला, दाखवतो तबकडी!"

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली आणि मामी उतरल्या. हातात पुरणपोळीचा डबा, चेहरा पांढराफटक. मामा उभे आहेत, चालताहेत, हे बघितल्यावर त्या मटकन बांधावर बसल्या.

"वाचले," त्या म्हणाल्या. "म्या काल मनापासून पूजा केली, म्हून वाचले. भैरोबानं झेललं बगा तुमास्नी."

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग सायकलीकडं वळून, काही शोधल्यासारखं करत, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही तबकड्या पुसून काढल्या, पार चकचकीत होईपर्यंत. तोवर डॉक्टर जीप घेऊन खाली पोचले होते.

"काय मामा, काय झालं?"

"काय व्हायचंय," मामा म्हणाले. "पॅड हलके."

आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर, एका हातात चहा धरून, परंड्याच्या तोफेलाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मी चुकलो!" टपरीवाल्याच्या हातून साखरेचा डबा पडला. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी आपले महागाचे पॅड मामांना भेट दिले. पुढं मामांची सायकल कुठं झकास थांबली की डॉक्टर अभिमानानं म्हणायचे, "बघा, मालाचा फरक!" मामा मान डोलवायचे. डॉक्टरांचे पॅड त्यांच्या कपाटात पाकिटासकट पडून होते. सायकलला तेच बेनाम पॅड नवे बसवले होते, माझ्याच मोबाइलवरून मागवून. कुणाला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती.

त्यानंतर दर खंडेनवमीला मामा सायकलपाशी पहारा द्यायचे आणि मामी तबक घेऊन आल्या की म्हणायचे, "हिचं कपाळ हँडलवर असतंय बरं का. खाली पाय असत्यात, पायाला शेंदूर लावत न्हाईत." मामी मुकाट हँडलला टिळा लावायच्या.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. झोपेतच, एवढ्या गाजावाजाचा माणूस, पण गेला तो घंटी न वाजवता. सायकल मामींनी मला दिली. "हुबी राहून गंजंल. चालवा." पॅड मी अजूनही स्वस्तच घेतो. दूध आणायला, हातलाईला जायला भरपूर झाले. झिजले की दुसरे.

यंदा खंडेनवमीला सायकल धुऊन मी मामींच्या अंगणात नेली. त्या तबक घेऊन बाहेर आल्या तसा मी घाईघाईनं म्हणालो, "मामी, हिचं कपाळ हँडलवर असतं."

"ठावं हाय. तेल आणलंच न्हाय, बगा." तबकात खरंच नुसतं हळद-कुंकू होतं. त्या हसल्या. "मास्तर, त्या दिवशीचा सदरा धुतला कुणी? पाठीला गुळी, अन् टोकाला शेंदूर अन् तेल. सोनारीची हाय म्या. मला शेंदराचा डाग वळखू येत न्हाय व्हय?"

मी विचारलं, "मग मामांना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? सबंद जिंदगीत माणूस एकदाच हरला, ते बी माझ्यापायी. ते बी त्यांच्याकडनं काढून घेऊ व्हय?"

त्यांनी हँडलला हळद-कुंकू लावलं. मी टांग टाकून उभा राहिलो, तसाच, सवयीनं. मामींनी हात पुढं केला आणि अंगठ्यानं घंटी दोनदा वाजवली. टण टण.

"जावा," त्या म्हणाल्या. "अन् उताराला वरडायचं विसरू नगा."